भाव पडला की पाडला

वहीतलं वाक्य असं होतं: 'द प्राइस ऑफ सोयाबीन वॉज ब्रॉट डाउन इन सप्टेंबर.' मी लाल पेनानं 'वॉज ब्रॉट डाउन' खोडलं, वर 'फेल' लिहिलं आणि वही परत दिली. चूक तशी साधी. आलेखाचं वर्णन करताना रेघ कुठून कुठं गेली तेवढंच सांगायचं, ती कुणी ओढली हे विचारायचं नाही. हा नियम मी पहिल्याच तासाला सांगते.

मुलगी जाफराबाद तालुक्यातली. नर्सिंगची पदवी झालेली. इथल्या एका दवाखान्यात रात्रपाळी करते आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा माझ्याकडे येते. तिनं वही उघडली, लाल अक्षराखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, पण पडला नाही ना तो. पाडला."

वर्ग हसला, मीही हसले. मागच्या बाकावर मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा बसतो, तो तेवढा हसला नाही.

माझा वर्ग म्हणजे नवीन जालन्यातली एक माडी. खाली ताडपत्री आणि बारदानाचं दुकान आहे, त्यामुळे पावसाळ्यात वर्गाला तागाचा वास येतो. कुंडलिकेच्या पलीकडे जुना जालना, अलीकडे नवीन. नवीन म्हणायचं ते नावापुरतं. कादराबाद म्हणून ही पेठ जुनीच आहे आणि ते नाव इथल्या एका भागाला अजून चिकटून आहे. येणारी मुलं साताठ. परदेशी मास्टर्स करायला निघालेले दोघं इंजिनिअर. सळईच्या कारखान्यात ऑफिसला असलेला एक जण, ज्याला दर महिन्याला उत्पादनाचा इंग्रजी अहवाल लिहावा लागतो आणि दर महिन्याला घाम फुटतो. ही नर्स. आणि तो व्यापाऱ्याचा मुलगा, ज्याला कसलीच परीक्षा द्यायची नाही, वडिलांनी पाठवलंय म्हणून येतो.

बाकीच्यांचं लक्ष आयेल्ट्सकडे. त्या परीक्षेत लेखनाचे दोन भाग असतात, आणि अकॅडेमिक घेतली की पहिल्या भागात आलेख, तक्ता किंवा वर्तुळ समोर ठेवतात. २० मिनिटं, किमान १५० शब्द. दिसतंय ते सांगा, तुलना करा, पण कारणं सांगू नका, मत देऊ नका. नर्सला ब्रिटनमध्ये नोंदणी हवी तर लेखनात साडेसहा लागतात. साडेसहा आणि सहा यांच्यातलं अंतर किती, ते तिला विचारा. एकदा तेवढ्यावरून तिचं वर्ष गेलंय.

मी शिकवणीत पडले त्याआधी सतरा वर्षं बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. जालन्यात यात नवल काही नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं माहिको काढली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि त्या वाटेनं मागून कितीतरी कंपन्या आल्या. मी होते ती फार नंतरची आणि लहान. काम उगवणशक्ती तपासायचं. प्रत्येक लॉटचे ४०० दाणे घ्यायचे, शंभराचे चार गट करायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडून मोजायचे. किती नीट उगवले, किती वाकडेतिकडे, किती कडक राहिले, किती कुजले. टक्केवारी म्हणजे काय ते मी तिथं हातानं शिकले. शेकडा म्हणजे खरोखरचे शंभर दाणे, आणि त्यातला एक कुजका म्हणजे एक टक्का. त्याला बुरशीचा वास येतो.

मोजणं मला येत होतं, लिहिणं नव्हतं. भेंडीच्या एका लॉटची उगवण पावसाळ्यात साठवणीत उतरली, ८८ वरून ७२ वर आली. मी बाहेरदेशीच्या खरेदीदाराला कळवलं, 'जर्मिनेशन हॅज ड्रॉप्ड बाय ७२ पर्सेंट.' वाक्य मला छान वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी फोनांवर फोन. ८८ मधून ७२ गेले तर उरतात १६. त्या लॉटचं बियाणं म्हणजे जवळजवळ भुसाच, असं मी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं. माल तीन दिवस अडकून पडला.

साहेबांनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, हेच मला मराठीत सांगा."

म्हटलं, "उगवण ७२ वर आली."

"वर आली ना? मग 'ने' कशाला लिहिलंत?"

माझी इंग्रजीची खरी शाळा ती. पुढं ना कुठल्या पुस्तकात, ना महागड्या कोर्समध्ये कुणी मला ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितली. आज मी फळ्यावर आधी तीन मराठी प्रत्यय लिहिते: वरून, ने, वर. सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ ला ४६०० होता, २०२४-२५ ला ४८९२ झाला. मग म्हणा: ४६०० वरून २९२ ने वाढून ४८९२ वर गेला. चौथीतलं पोरही हे चुकत नाही. आता 'वरून'च्या जागी 'फ्रॉम', 'ने'च्या जागी 'बाय', 'वर'च्या जागी 'टू'. झालं. इंग्रजीत हे तीन शब्द नावाच्या आधी येतात, आपल्याकडे शेपटीला. फरक तेवढाच. मुलं वर्षानुवर्षं 'प्रिपोझिशन' या नावानं घाबरलेली असतात, आणि तीच वस्तू त्यांच्या तोंडात दिवसातून शंभरदा येत असते.

मुलं येताना याद्या घेऊन येतात. वाढण्यासाठी वीस क्रियापदं, घटण्यासाठी वीस. कुठून तरी उतरवलेल्या, लॅमिनेशन केलेल्यासुद्धा. पाठांतर चोख असतं, पण कुठला शब्द किती वजनाचा हे यादीत लिहिलेलं नसतं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,१२,९८० होती, २०११ मध्ये १९,५९,०४६. दहा वर्षांत साडेएकवीस टक्क्यांच्या आत-बाहेरची वाढ. एका इंजिनिअरनं लिहिलं, लोकसंख्या 'स्कायरॉकेटेड'. म्हटलं, अरे, दहा वर्षांत सवाईसुद्धा झाली नाही, आणि तू तिला अग्निबाणावर बसवतोस?

'सवाई' शब्दावर तो थांबला. त्याला तो जयसिंगाच्या नावात तेवढा माहीत होता.

इथं मला माझे वडील आठवतात, आठवायला ते घरीच आहेत म्हणा. अण्णांनी उभी हयात मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी म्हणून काढली. शाळेत त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे होते. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या पिढीला हे पाढे म्हणजे गंमत. त्यांना ते हत्यार होतं. मुलाला मी 'वन अँड अ हाफ टाइम्स ॲज मच ॲज' हे आठ शब्द शिकवते, तेव्हा अण्णांचा 'दीडपट' एका घोटात संपलेला असतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: अपूर्णांकांना इतकी सुटसुटीत आणि रोजच्या वापरातली नावं इंग्रजीत नाहीत. 'हाफ' आणि 'क्वार्टर' संपले की तिथं शब्दांची जुडी बांधावी लागते.

अण्णांच्या लहानपणी तर पैसेही दोन तऱ्हेचे. हा मुलूख निजामाचा, चलन हाली. बाहेरचा इंग्रजी रुपया तो कलदार. सात हालीला सहा कलदार. म्हणजे आमच्या आजोबांना साध्या खरेदीत प्रमाण काढावं लागे आणि त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पुढं १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणे गेले. गेले म्हणजे नाण्यांतून गेले. तोंडातून नाही. अण्णा अजूनही म्हणतात, यंदा रुपयात दहा आणे पाऊस. पिकाच्या अंदाजाला सरकारी कागदात पैसेवारी म्हणतात, लोक आणेवारीच म्हणतात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. 'प्रपोर्शन' शिकवताना मी हल्ली पुस्तकातलं वर्तुळ काढतच नाही. फळ्यावर लिहिते, 'पैसेवारी ४७', आणि विचारते, याचा अर्थ काय? शेतकऱ्याघरचं पोर लगेच सांगतं: निम्म्याच्या आत. 'जस्ट अंडर हाफ.' शहरातलं पोर मोबाइलवर भागाकार करत बसतं.

या जिल्ह्यात २०११ ला शहरात राहणारे लोक १०० मध्ये साधारण १९ होते. 'जस्ट अंडर वन इन फाइव्ह.' वर्गातले बहुतेक जण उरलेल्या ८१ मधले.

बियाण्याचंही तेच. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. घरचं बियाणं वापरायचं तर शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि मोजतो. ७० निघाले तर एकरी ३० किलो. ६० च निघाले तर बियाणं वाढवायचं, ३५ किलो. उगवण कमी तसं बी जास्त. 'इन्व्हर्सली प्रपोर्शनल' हा शब्द ऐकला की इंजिनिअरांनाही वही उघडावी लागते. नर्सच्या वडिलांनी तो हिशेब दर जूनमध्ये ओट्यावर बसून केलेला आहे.

असं सगळं सोपं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. टक्क्याच्या टक्क्यापाशी मात्र मराठीही अडखळते आणि इंग्रजीही. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनमधल्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. मोंढ्यात ओलाव्याला 'हवा' म्हणतात. माल हातात घेऊन, दाणा दाताखाली धरून, 'हवा आहे' असं म्हणतात आणि भाव खाली येतो. तर ही मर्यादा किती वाढली? मी वर्गाला विचारलं. व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, ३ टक्के. सळईवाला म्हणाला, २५ टक्के. दोघंही बरोबर, आणि दोघांपैकी एकाचंच वाक्य लिहिलं तर वाचणारा फसतो. बारावर तीन म्हणजे पावपट, म्हणून २५ टक्के वाढ. पण १२ टक्के आणि १५ टक्के यांच्यातलं अंतर ३, त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'पर्सेंटेज पॉइंट'. आपल्याकडे कुणी कुणी 'टक्केबिंदू' लिहितात, पण मी तो कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. व्याजदर पाव टक्क्यानं वाढला असं आपण सर्रास म्हणतो आणि ऐकणारा अदमासानं समजून घेतो.

'टाइम्स मोअर'चं तसंच. तिप्पट म्हणजे तीनपट, यात शंका नाही. पण 'तीनपटीनं वाढलं' म्हणजे एकाचे तीन की एकाचे चार? मी तीन वर्तमानपत्रवाचक माणसांना विचारलं तर तीन उत्तरं आली, त्यातलं एक 'तुम्हाला काय करायचंय' असं होतं. इंग्रजीत हाच घोळ जसाच्या तसा आहे. म्हणून मी वर्गात 'थ्री टाइम्स मोअर' बंद केलंय. 'थ्री टाइम्स ॲज मच', किंवा सरळ आकडा लिहा.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे. 'पडला की पाडला' हा प्रश्न त्या संध्याकाळी हसण्यावारी गेला, पण घरी पोळ्या लाटताना तो माझ्यासमोर आला. मराठीत ही जोडी हाताशी असते. भाव चढला, चढवला. उतरला, उतरवला. पडला, पाडला. एका मात्रेचा, एका अक्षराचा फरक, आणि गोष्टीत माणूस शिरतो. आमचा मोंढा निम्मा हिंदीत चालतो, तिथंही 'भाव टूट गया' आणि 'भाव तोड दिया'. इंग्रजीत 'राइज' आणि 'रेज' आहेत, पण 'फॉल'ला असा जोडीदार नाही. 'टू फेल' म्हणजे झाड तोडून पाडणं, ते भावाला लागत नाही. मग 'ब्रॉट डाउन' असं दोन शब्दांचं लांबण लावावं लागतं आणि परीक्षेत ते मत ठरतं. तिनं मराठीतला एक अचूक शब्द इंग्रजीत आणायचा प्रयत्न केला होता. मी त्याला भाषेची चूक समजले.

पहिल्यांदा मला वाटलं, बघा, आपली भाषा बाजू घेणारी आणि इंग्रजी तटस्थ. त्या खुशीत दोन दिवस गेले. मग मी माझीच यादी पुन्हा वाचली. 'प्राइसेस ईझ्ड.' ईझ म्हणजे आराम. कुणाला आराम? घेणाऱ्याला. 'प्राइसेस रिकव्हर्ड.' रिकव्हर होतो तो रुग्ण. भाव वर गेला म्हणजे तो बरा झाला, हे विकणाऱ्याच्या घरून बोललेलं आहे. 'इम्प्रूव्ह्ड', 'सफर्ड', 'वर्सन्ड': सगळेच कुठल्या ना कुठल्या ओट्यावर बसलेले. फक्त त्या ओट्याचा मालक वाक्यात दिसत नाही. आपल्याकडे 'उतरला' पाहा. ताप उतरला की बरं वाटतं, चेहरा उतरला की वाईट. भाव उतरला की काय वाटतं, ते तुम्ही पिशवी घेऊन आलात की पोतं घेऊन, त्यावर.

बाकी मराठीत पडण्याच्या तऱ्हा किती आहेत, ते मी मुलांबरोबर बसून एकदा काढलं. घसरला, म्हणजे पाय सरकला, अजून सावरता येईल. गडगडला, म्हणजे उतारावरून निघाला, मध्ये काही अडवणारं नाही. कोसळला, म्हणजे खाली आधारच नव्हता. नरमला, म्हणजे पडलाही नाही आणि उभाही नाही. सळईवाला म्हणाला, "आमच्याकडं दर रोज नरम-गरम असतो, टनाला शंभर-दोनशे इकडं तिकडं." म्हटलं, त्याला 'फ्लक्च्युएटेड विदिन अ नॅरो रेंज' लिही. त्यानं ते तळहातावर लिहून घेतलं. त्याच्या महिन्याच्या अहवालाची सोय झाली.

आलेखाची रेघ तटस्थ असते असं मी पूर्वी मुलांना सांगत असे. आता सांगत नाही. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. काळाबरोबर आकडा कसा हलतो ते रेघेत दाखवण्याची रीत रुळली ती तिथपासून. त्यातला डेन्मार्क-नॉर्वेबरोबरच्या व्यापाराचा आलेख प्रसिद्ध आहे. आयातीची एक रेघ, निर्यातीची एक, दोन्ही एकमेकींना छेदतात, आणि मधल्या जागेत लिहिलंय: इथवर ताळेबंद इंग्लंडच्या विरुद्ध, इथून पुढं इंग्लंडच्या बाजूनं. रंगही वेगळे. म्हणजे आलेख जन्माला आला तो कुणाच्या तरी बाजूनं उभा राहूनच. त्याच कागदावर 'डेन्मार्कच्या बाजूनं' असंही लिहिता आलं असतं, रेघा तसूभर हलल्या नसत्या.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मग मार्क का कापता?"

खरं उत्तर असं की परीक्षेला कारण नकोय, कारण दिलेल्या आलेखात ते नाही. आलेखात नसलेलं लिहिलं तर ते अंदाज ठरतो. २०२१ चं उदाहरण घ्या. जुलै-ऑगस्टात काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. दसऱ्याच्या सुमाराला भाव जवळजवळ निम्म्यावर. शेतकरी म्हणतो, आयातीनं पाडला. व्यापारी म्हणतो, नवा माल आला की भाव उतरणारच, दर वर्षी उतरतो. दोन्हीत तथ्य आहे आणि कुणाचं किती, हे रेघेकडे पाहून सांगता येत नाही. माझं स्वतःचं मत आहे, पण ते मी वर्गात सांगत नाही, कारण मागच्या बाकावर तो मुलगा बसतो आणि त्याचे वडील वाईट माणूस नाहीत. तिला मी एवढंच म्हटलं, की ही वीस मिनिटं तू 'पडला' म्हण. बाहेर आल्यावर काय म्हणायचं ते तुझं तू ठरव.

तिला ते पटलं असं मला वाटलं नाही. पण पुढच्या आठवड्यात तिनं वहीत एक कागद घडी घालून आणला. तिच्या वडिलांची हिशोबपट्टी. २०२४ च्या ऑक्टोबरातली, दिवाळीआधीची, तालुक्याच्या एका बाजारातली. अकरा क्विंटल काही किलो, दर ३६५०. खाली हमाली, तोलाई. त्या वर्षी हमीभाव ४८९२ होता आणि बाजार त्याच्या पुष्कळ खाली, चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. तिच्या वडिलांच्या मालात हवा होती, सणाला पैसे हवे होते.

मी त्या सुमाराच्या तीन महिन्यांचा आलेख वर्गासाठी काढून ठेवलेला होता. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. मी सर्वसाधारण घेतला होता. तिनं पेन्सिलीनं तारीख शोधली, ३६५० ची उंची धरली आणि टिंब काढलं. टिंब रेघेच्या बरंच खाली, एकटं पडलं.

"याला काय म्हणायचं इंग्रजीत?"

मी म्हटलं, 'वेल बिलो द ॲव्हरेज'. आणखी एक शब्द आहे, 'आउटलायर'. तिनं दोन्ही लिहून घेतले. व्यापाऱ्याचा मुलगा मागून उठून आला, वाकून पट्टी पाहिली आणि म्हणाला, "हवा किती होती? लिहिलं नाही यावर." मग कुणी न विचारता त्यानं सांगितलं की अठराच्या वर असली तर आमच्याकडंही असंच झालं असतं. ती काही बोलली नाही. पट्टी घडी घालून परत वहीत ठेवली.

तो आलेख मी त्या दिवशी घरी आणला, आठही जणांची वर्णनं तपासायला. अण्णा पलंगावर बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना कुठलाही कागद हातात हवा असतो. मी आलेख त्यांच्याकडे दिला आणि वह्या बघायला लागले. ऑक्टोबरात खाली, मग सहा-सात दिवस सपाट, मग हलकेच वर, पुन्हा खाली. सपाट भागाबद्दल मुलांनी सुरेख वाक्यं लिहिली होती. 'रिमेन्ड स्टेबल.' 'लेव्हल्ड ऑफ.' एकानं 'रीच्ड अ प्लॅटो' लिहिलं होतं आणि ते खालच्या पातळीला शोभत नाही म्हणून मी अर्धा गुण कापला. नर्सचं वाक्य सगळ्यांत नेटकं: 'द प्राइस देन रिमेन्ड अनचेंज्ड फॉर अबाउट अ वीक.' क्रियापद बरोबर, अवधी बरोबर, मत कुठंही नाही. मी शेजारी बरोबरची खूण केली.

"हे इथं काय झालं गं?" अण्णांनी सपाट भागावर बोट ठेवलं.

"भाव स्थिर होता, अण्णा."

"तारीख काय आहे ही?"

मी वाचली. शेवटचे दिवस ऑक्टोबरचे, पहिले नोव्हेंबरचे. तक्त्यात त्या दिवसांची घरं रिकामी होती. आलेखाची रेघ तुटलेली दिसू नये म्हणून मीच त्यांत आदल्या दिवसाचा दर भरला होता, आठवलं.

"लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. लाभपंचमीला मुहूर्ताचे सौदे होईस्तोवर मोंढा बंद असतो," अण्णा म्हणाले. "स्थिर कुठला? दिवाळी आहे ती."